व्हॅक्सिन डेपो आणि 900 कोटी

टिळकवाडीत राहणाऱ्याला व्हॅक्सिन डेपो कुठे आहे हे सांगावं लागत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं ते आवार, पोरांच्या क्रिकेटचं मैदान, जुन्या झाडांची सावली. स्मार्ट सिटीच्या कामांच्या वेळी ही झाडं वाचावीत म्हणून बेळगावकर भांडलेही. पण इथे कुठली लस होती, असं तिथे खेळणाऱ्या पोराला विचारा. बहुधा तो खांदे उडवील.

ती देवीची लस होती. मुंबई इलाख्याच्या काळात इथे जनावरांच्या कातडीवर लस वाढवली जाई. वासराच्या पोटावरचे केस काढून, कातडी धुऊन तिच्यावर बारीक ओरखडे काढायचे आणि त्यांत लशीचं बीज भरायचं. पाच-सहा दिवसांत फोड आले की ते खरवडून घ्यायचे, ग्लिसरीनमध्ये घोटायचे आणि बारीक नळ्यांत भरायचे. अशा पातळ लशीचा शत्रू म्हणजे ऊन. बेळगावच्या थंड हवेतून निघालेली नळी उन्हाळ्यात एखाद्या लांबच्या खेड्यात पोचेपर्यंत लस निकामी होण्याची भीती असे. मग देवी टोचणारा माणूस येऊन गेला तरी मुलाला त्याचा उपयोग नसे.

यावरचा उपाय होता लस गोठवून, निर्वात जागेत तिच्यातलं पाणी काढून तिची भुकटी करण्याचा. अशी लस 37 अंश उष्णतेतही महिनाभर टिकते. 1962 साली देशभर देवी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तिच्यासाठी ही सुकी लस भारतात चार ठिकाणी बनू लागली: पटवाडांगर, मद्रासजवळचं गिंडी, हैदराबाद आणि आपलं बेळगाव. सोव्हिएत रशियानेही मोठ्या प्रमाणावर लस दिली, पण दिल्लीला आयातीवर कायम विसंबून राहायचं नव्हतं. 1975 च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांच्या दंडावरचा तो गोल व्रण पाहताना मला आपल्या गावाचा अभिमान वाटतो. जगातून पुसल्या गेलेल्या एका रोगाच्या इतिहासात बेळगावचं नाव आहे, आणि आपण ते सांगत नाही.

रोग संपला, तशी ती लस बनवण्याची गरजही संपली. लसनिर्मितीचं ठिकाण म्हणून डेपोचं नाव मागे पडत गेलं.

त्यानंतर आला कोरोना. 12 नोव्हेंबर 2020 ला, त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आत्मनिर्भर भारतचा तिसरा टप्पा जाहीर केला. मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला उभारी देण्यासाठी 2 लाख 65 हजार कोटी रुपयांच्या तरतुदी होत्या. घरबांधणी, खतं, रोजगार यांच्या गर्दीत एक ओळ होती: कोविड लशीच्या संशोधनासाठी जैवतंत्रज्ञान विभागाला 900 कोटी. लस विकत घेण्याचा आणि वाटण्याचा खर्च यात नव्हता, हा पैसा फक्त संशोधन आणि विकासाचा. ‘मिशन कोविड सुरक्षा’ असं या मोहिमेचं नाव आणि पहिल्या टप्प्याची मुदत बारा महिने.

हाफकिनचंही नाव तेव्हा पुन्हा निघालं. 1897 साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या नावाने चालणाऱ्या मुंबईच्या या सरकारी कंपनीला कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने 65 कोटी आणि महाराष्ट्र सरकारने 94 कोटी द्यायचं ठरवलं. पुण्याच्या जेनोव्हाने एमआरएनए पद्धतीची लस बनवली. तिच्या ओमायक्रॉनवरच्या आवृत्तीला याच मोहिमेचं पाठबळ होतं. ही लस गोठवून सुकवलेली आहे, त्यामुळे साध्या फ्रीजच्या तापमानात टिकते. परदेशातल्या अशाच लशींसाठी लागणारी उणे तापमानाची यंत्रणा तिला नको. साठ वर्षांपूर्वी बेळगावात सोडवलेली अडचण पुण्यात नव्या विज्ञानाने पुन्हा सोडवली. मात्र ही लस 2023 च्या जूनमध्ये आली आणि तोवर लस घ्यायला येणारे फारसे उरले नव्हते.

आणि बेळगाव? 2021 च्या जानेवारीत पुण्याहून निघालेल्या कोविशिल्डच्या पेट्या डेपोतल्या शीतगृहात उतरल्या आणि तिथून उत्तर कर्नाटकातल्या जिल्ह्यांना गेल्या. काम मोलाचंच होतं. पण ज्या आवारात लस बनत होती, तिथे आता ती उतरवून घेतली जात होती. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि मुंबईशी असलेला या संस्थेचा जुना धागा तुटला. सीमाभागात आपण गावांचा, शाळांचा, फलकांचा हिशेब मांडतो, आणि तो मांडायलाच हवा. प्रयोगशाळेचाही मांडायला हवा होता.

संकटात संशोधनावर पैसा ओतायचा आणि संकट सरताच हात आखडायचा, ही खोड फक्त आपल्याकडची नाही. 2009 साली अमेरिकेने मंदी हटवण्यासाठी 787 अब्ज डॉलरचा कायदा केला. त्यातले सुमारे 10 अब्ज तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला मिळाले, आणि ते दोन वर्षांत मार्गी लावायचे होते. प्रयोगशाळांनी माणसं घेतली, यंत्रं आणली. मुदत संपल्यावर त्याच माणसांना पुढचं अनुदान कुठून आणायचं, हा प्रश्न पडला.

याउलट चित्र निपाणीत दिसतं. तिथे धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र विडीच्या तंबाखूवर काम करतं. शेंडा खुडणं, बगलफूट काढणं, नवं वाण, तंबाखूला पर्यायी पीक अशा कामांना बारा महिन्यांची मुदत लावता येत नाही. एकेका वाणामागे कितीतरी हंगाम जातात. तंबाखूबद्दल माझं मत चांगलं नाही, पण संशोधनाला पैसा कसा पुरवावा याचा हा धडा मला पटतो: थोडा, पण दरवर्षी.

भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 0.64 टक्केच खर्च करतो. 1 जुलै 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवनिर्मितीसाठी 1 लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. तिचा भर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचं स्वस्त भांडवल देण्यावर आहे. सरकारी संस्थांचं काय, हा प्रश्न आपण विचारायला हवा, कारण बेळगावात अशी संस्था आहे. 2006 साली आयसीएमआरचं प्रादेशिक केंद्र इथे सुरू झालं, आज ती पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. सह्याद्रीतल्या वनस्पती तिच्या हाताशी आहेत. डेपोकडे जागा आहे, शीतगृह आहे. दोघांनी मिळून लस आणि औषधं सुकवून टिकवण्याचं छोटं, कायमचं केंद्र उभारावं, ही मागणी अवास्तव नाही.

पुढच्या वेळी खासदार किंवा आमदार मतं मागायला दारात आले, तर रस्ता आणि गटार यांच्यासोबत व्हॅक्सिन डेपोचंही विचारा.