गुलदस्त्यातली तबकडी

विमानाची मागची फळी उघडते. खाली कुणाचं तरी शेत, आणि वर काळीकुट्ट रात्र. आत दोन रांगांत सैनिक उभे. पहिल्याला तुम्ही खाली उतरवता. प्रत्येक चौकटीला चार टाइम युनिट खर्च होतात, म्हणून जपून. तो फळीच्या टोकाशी पोचतो, अंधारातून एक हिरवा लोळ येतो आणि तो जागीच कोसळतो. मारलं कुणी, कुठून मारलं, काही दिसलेलं नसतं. हादरून तुम्ही टर्न संपवता, तर पडदा झाकला जातो आणि एक पाटी येते: 'हिडन मूव्हमेंट'. पाटीमागून दार सरकल्याचा आवाज, कुणाची तरी पावलं. शत्रू काहीतरी करतोय, पण तुम्हाला ते दाखवलं जाणार नाही.

मार्च १९९४ मध्ये आलेल्या या गेमचं युरोपातलं नाव 'यूएफओ: एनिमी अननोन', अमेरिकेतलं 'एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स'. टर्न-बेस्ड डावपेचांच्या गेमची पुढची कैक वर्षं याच्याकडे बघत गेली. उडत्या तबकड्या, परग्रहवासी, जगभरच्या सरकारांच्या पैशावर चालणारी एक गुप्त संघटना आणि तिचे तुम्ही प्रमुख. पण याच्या निर्मितीचे किस्से ऐकले की वाटतं, ती 'हिडन मूव्हमेंट'ची पाटी खेळाडूंइतकीच बनवणाऱ्यांच्याही तोंडासमोर धरलेली होती.

बनवणारे म्हणजे मुख्यतः दोघे भाऊ, ज्युलियन आणि निक गॉलप. ज्युलियन शाळकरी वयापासून बोर्डगेमचा नादी. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला गेला, पण जीव अडकलेला कॉम्प्युटरमध्ये. १९८४ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रमवर 'रेबेलस्टार रेडर्स', पुढच्या वर्षी 'केऑस', १९८८ मध्ये 'लेझर स्क्वॉड'. या 'लेझर स्क्वॉड'मध्येच पुढच्या सगळ्याचं बी आहे: मोजके सैनिक, प्रत्येकाच्या हालचालीला ठरावीक टाइम युनिट, आणि आपल्या सैनिकाच्या नजरेच्या टप्प्यात येईल तेवढाच शत्रू दिसणार. बुद्धिबळाच्या पटावर अर्ध्या सोंगट्या झाकून ठेवाव्यात, तसा हा खेळ.

१९९१ मध्ये भावांनी 'लेझर स्क्वॉड'च्या दुसऱ्या भागाचा नमुना तयार केला. अटारी एसटीवर चालणारा आणि कोनातून दिसणारा, 'पॉप्युलस'च्या धर्तीचा. तो घेऊन तीन कंपन्यांची दारं वाजवली: क्रिसॅलिस, डोमार्क आणि मायक्रोप्रोज. ज्युलियनचा ओढा मायक्रोप्रोजकडे होता, कारण 'रेलरोड टायकून' तिथला. तिथे स्टीव्ह हँड नावाचा एक जण 'लेझर स्क्वॉड'चा चाहता निघाला, त्यामुळे दार लवकर उघडलं.

पण उघडल्या दारातून आत गेल्यावर कळलं, की नमुना आवडलाय आणि हवंय मात्र दुसरंच. त्यांच्या ब्रिटिश शाखेत गेमनिर्मितीची सूत्रं पीट मोरलंडकडे होती. एका मिशनमागून एक मिशन एवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्याच कंपनीचा 'सिव्हिलायझेशन' नुकताच गाजू लागला होता, तेव्हा पसारा मोठा हवा, गोष्ट पृथ्वीवर घडायला हवी आणि विषय उडत्या तबकड्यांचा हवा. जेरी अँडरसनच्या १९७० सालच्या 'यूएफओ' या ब्रिटिश टीव्ही मालिकेचं नावही त्या चर्चेत निघालं.

एखादा अशा सूचनांनी वैतागला असता. ज्युलियनने टिमथी गुड यांचं 'एलियन लायेझन' हे पुस्तक मिळवलं. सरकारांनी परग्रहवासीयांशी आतून केलेले व्यवहार, हाती लागलेल्या तबकड्या खोलून त्यांचं तंत्र उलगडण्याचे दावे असा सगळा मसाला त्यात होता. त्यातलं खरं किती, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच; गेमला हवा होता कच्चा माल. तो असा कामी आला: लढाईत पाडलेल्या तबकडीतलं सामान तळावर आणा, शास्त्रज्ञांना कामाला लावा, काही दिवसांनी तीच प्लाझ्मा बंदूक तुमच्या सैनिकाच्या हातात. आणि पैसे पुरवणाऱ्या देशांपैकी एखादा महिनाअखेरीस परग्रहवासीयांशी गुपचूप करार करून तुमच्या यादीतून गायब. मला स्वतःला गेममधला सगळ्यात कडवट क्षण हाच वाटतो. सैनिक मेला तर तुमची चूक तरी शोधता येते. इथे नुसता हिशेबाचा तक्ता येतो आणि एक रकाना रिकामा असतो.

वर फिरणारा पृथ्वीचा गोल, खाली टर्नची लढाई, मध्ये संशोधन, कारखाना, पगार. आज हे सगळं एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा ज्युलियनने ते कागदावर मांडलं, तर जेमतेम १२ पानं भरली. मायक्रोप्रोजच्या मंडळींनी ती वाचली आणि कुणालाच काही उमगेना. गोल फिरतोय तो कशाला? लढाई थांबून थांबून का होते? शेवटी बैठक बोलावली, सगळ्यांना बसवून ज्युलियनने तोंडी समजावलं. त्यांना कितपत कळलं देव जाणे, पण काम पुढे सरकलं. दीड वर्षाचा करार होता. लागली सुमारे अडीच वर्षं. खर्च झाला सव्वा लाखाच्या आतच, साधारण १,१५,००० पौंड.

प्रोग्रॅमिंग भावांकडे, चित्रांचं काम मायक्रोप्रोजच्या चित्रकारांकडे. जॉन राइट्झने परग्रहवासी रंगवले, मार्टिन स्मिलीने तळांची आणि 'यूएफओपीडिया'ची चित्रं केली. पोट धरून हसावं असं थोडं आणि घाम फुटावा असं बरंच, असं त्या चित्रांचं मिश्रण आहे. रंग कॉमिकबुकातले भडक, पण क्रिसॅलिड हे नाव काढलं की जुने खेळाडू अजून दचकतात. हा प्राणी माणसाला डसतो, माणूस झाँबी होऊन उठतो, आणि त्या झाँबीला मारलं की त्यातून नवा क्रिसॅलिड बाहेर पडतो. जॉन ब्रूमहॉलचं संगीत तर कहर आहे. त्यात धून अशी फारशी नाहीच. शेजारच्या खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं ते घुमत राहतं.

काळ्या सुटातली माणसं, 'मेन इन ब्लॅक', हाही एक शत्रू म्हणून ठरला होता. ती वगळली, कारण मायक्रोप्रोजच्या मनात त्या विषयावर वेगळा गेम होता.

आता खरा किस्सा. मायक्रोप्रोजने आर्केड यंत्रांच्या धंद्यात हात घातला आणि तो पोळून घेतला. पैशाची चणचण सुरू झाली, तशी काटछाटीची कात्री फिरू लागली. दोन भाऊ बनवत असलेला, कुणाला नीटसा न समजलेला गेम अशा वेळी आधी डोळ्यांवर येणार, हे उघडच होतं. मोरलंडने रदबदली केली आणि त्या खेपेला निभावलं. मग १९९३ मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइटने मायक्रोप्रोज विकत घेतली. नव्या अमेरिकन मालकांनी यादी पाहिली आणि अटलांटिकपलीकडून फर्मान सोडलं: हा गेम बंद करा.

ब्रिटिश शाखेतल्या वरिष्ठांनी फर्मान वाचलं आणि सरळ बासनात गुंडाळून ठेवलं. मालकांना कळवलं नाही की काम चालूच आहे. गॉलप भावांना कळवलं नाही की काम बंद झालंय. भाऊ रोज आपले कोड लिहीत बसलेले. कंपनीच्या दप्तरी मेलेला गेम त्यांच्या टेबलावर मजेत वाढत होता. ही हकीकत त्यांना कळली ती पुष्कळ उशिरा, गेमला नावलौकिक मिळून गेल्यावर. कॉर्पोरेट जगात 'वरून आदेश आला' म्हणून हात वर करणारे ढिगाने भेटतात. वरचा आदेश खिशात घालून स्वस्थ बसणारे विरळा.

पुढे मालकांना आर्थिक वर्षाचा हिशेब जुळवायला तातडीने नवा माल हवा झाला. तेव्हा या मंडळींनी कपाटातून काढावा तसा तो गेम पुढे केला. आहे म्हणता? मग मार्चअखेर बाजारात आलाच पाहिजे! काल ज्याची मान कापायची होती त्याच्यावरच वर्षाची भिस्त. शेवटचे तीन महिने दोघे भाऊ चिपिंग सॉडबरी या गावातल्या मायक्रोप्रोजच्या ऑफिसात आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला बारा बारा तास बसले. सुट्टी नाही, रविवार नाही.

अशा घिसाडघाईत काही सुटणार नाही तरच नवल. सुटलं ते मोठं विनोदी होतं. गेम सुरू करताना पाच पातळ्यांपैकी एक निवडता येई, नवशिक्यापासून 'सुपरह्यूमन'पर्यंत. मूळ डॉस आवृत्तीत पहिली लढाई संपली की प्रोग्रॅम तुमची निवड विसरायचा आणि गुपचूप सगळ्यात सोप्या पातळीवर यायचा. खेळाडू 'सुपरह्यूमन' निवडून मिशा पिळत होते आणि खेळत होते नवशिक्यांची लेव्हल. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेम डॉसवरच सहा लाखांहून जास्त खपला, आणि तरबेज खेळाडूंची कुरकूर सुरू झाली की सर्वांत अवघड पातळीही फार सोपी आहे.

मालकांना पुढचा भाग सहा महिन्यांत हवा होता. ज्युलियनचं म्हणणं, एवढ्या वेळात चित्रं बदलण्यापलीकडे काही व्हायचं नाही. म्हणून भावांनी आपला कोड वापरायला दिला आणि मायक्रोप्रोजने १९९५ मध्ये घरच्या घरी 'टेरर फ्रॉम द डीप' काढला. समुद्राखालचे शत्रू, लांबलचक मिशनं, आणि 'सोपा आहे' या कुरकुरीवर उतारा म्हणून कसून वाढवलेला कस. म्हणजे तक्रार आली ती बगमुळे, आणि शिक्षा झाली ती सगळ्यांना. बोटीवरच्या मिशनात एकेका केबिनचं दार उघडत तास घालवलेल्यांना ही हकीकत सांगून पाहा.

भावांनी स्वतः केलेला 'अपोकॅलिप्स' १९९७ मध्ये आला. प्रोग्रॅमिंग एकीकडे, चित्रं दुसरीकडे, दोहोंचा मेळ बसला नाही आणि संबंधही विटले. पुढचा 'ड्रीमलँड क्रॉनिकल्स' अर्धवट राहिला, २००१ मध्ये त्यांची मिथॉस गेम्स ही कंपनी बंद पडली. ज्युलियन नंतर बल्गेरियातल्या सोफियाला जाऊन स्थिरावला.

एक्स-कॉम नावाचे हक्क फिरत फिरत टेक-टूकडे गेले आणि नवा गेम करायचं काम पडलं फिरॅक्सिसमधल्या जेक सॉलोमनच्या पदरात. मूळ गेमचा निस्सीम भक्त. भक्ताने पहिल्यांदा केलं काय, तर मूर्तीची हुबेहूब प्रतिकृती: तेच टाइम युनिट, तशीच सैनिकांची फौज. खेळून पाहणाऱ्यांनी जांभया दिल्या. शेवटी टाइम युनिट गेले आणि प्रत्येकाला दोन हालचाली उरल्या. वरच्या पातळीवरचा गोल जमेना तेव्हा सिड मायर आणि तो कागदी बोर्डगेम करून खेळत बसले. मायर हे मूळ मायक्रोप्रोजच्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे घरचंच माणूस. 'एक्सकॉम: एनिमी अननोन' २०१२ मध्ये आला आणि चालला. २०१६ च्या 'एक्सकॉम २'ची गोष्ट तर पहिल्या गेममध्ये तुम्ही हरलात असं धरूनच सुरू होते. खेळाडूच्या तोंडावर असं सांगायला धाडस लागतं.

या नव्या गेमांनी एका भांडणाला मात्र जन्म दिला. गोळी झाडण्याआधी पडद्यावर टक्केवारी दिसते. ९५ टक्के दिसतात, शत्रू दोन पावलांवर, गोळी झाडता, नेम चुकतो. इंटरनेटवर या विषयावर निघालेल्या विनोदांची गणती नाही. आकडे खोटे आहेत, हा आरोप कायमचा. सॉलोमनने नंतर सांगितलं ते भलतंच निघालं: खालच्या पातळ्यांवर आकडे खोटे आहेतच, पण खेळाडूच्या बाजूने! ८५ टक्के दाखवले तर आत त्याहून बरंच जास्त धरलेलं. लागोपाठ नेम चुकले की पुढच्या गोळीला गुपचूप टेकू. तुमचे सैनिक मरू लागले की शत्रूचा नेम हळूच बिघडवलेला. कारण ८५ हा आकडा माणूस 'लागणारच' असा वाचतो, आणि सातातली एक गोळी चुकली की फसवणूक झाल्यासारखा चवताळतो. हिशोब सचोटीचा ठेवला असता तर तो आणखी अप्रामाणिक वाटला असता. वरच्या पातळ्यांवर हे लाड कमी होत जातात. तिथे शिव्या अर्थातच आणखी वाढतात.

१९९४ च्या गेममध्ये गोळी ही खरोखर गोळी होती. नेम चुकला तरी ती पुढे जाई, भिंत फोडी, पेट्रोलचा पंप उडवी, कधी पुढच्या आपल्याच माणसाच्या पाठीत घुसे. ज्युलियनने २०१९ मध्ये नव्या कंपनीतून 'फिनिक्स पॉइंट' काढला, तेव्हा त्याने पुन्हा तीच वाट धरली. आपण होऊन नेम धरला की टक्के नाहीत, नेमावर दोन वर्तुळं दिसतात. सगळ्या गोळ्या मोठ्या वर्तुळात जाणार, त्यातल्या निम्म्या लहान वर्तुळात. शत्रूचा हात दिसतोय तर हातावर धरा, बंदूक दिसतेय तर बंदुकीवर. मग वर्तुळाच्या कडेला आलेल्या कठड्यालाच गोळ्या कशा लागल्या, यावरून खेळाडू भांडायला मोकळे.