तीन नंबरचा बावटा

जयगड बंदरात तीन नंबरचा बावटा चढला, म्हणजे खराब हवामानाचा धोका खुद्द बंदरालाच आहे. एक-दोन नंबर असेल तर वादळ अजून दूर समुद्रात असतं. पण ते जवळही येऊ शकतं: २००९ चं फयान आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही चक्रीवादळं आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकली होती.

अंदाजात लाटांची उंची ३ मीटर दिली असेल, तर ती सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळपास दुप्पट उंच येऊ शकते! त्यात इथे जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं. समोरून येणारी लाट त्यावर चढते आणि भिंतीसारखी उभी राहते. खाडीत आसऱ्याला येणाऱ्या होडीसाठी खरी कसोटी तिथेच. म्हणून अंदाज बघताना भरती-ओहोटीची वेळही बघाच.