रावेरची केळी आणि विक्रीचा पेशा

रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या घरात मुलीने किंवा मुलाने ‘मार्केटिंगमध्ये करिअर करायचे आहे’ असे म्हटले, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक पुण्या-मुंबईतल्या जाहिरात कंपनीचे, दुसरे बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या एमआरचे. दोन्ही पेशे प्रतिष्ठेचे आहेत आणि त्यांत जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण ज्या जळगाव जिल्ह्यात सुमारे ५० हजार हेक्टरवर केळी उभी असते, तिथल्या तरुणांना आपल्या दाराशीच या विषयाचे केवढे मोठे काम पडून आहे हे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे, की खानदेशात विक्रीशास्त्राची खरी रिकामी जागा केळीच्या बांधापासून खाणाऱ्याच्या हातापर्यंतच्या वाटेवर आहे. ती भरण्याची पात्रता शहरात शिकून आलेल्या परक्या पदवीधरापेक्षा इथल्या मुलामुलींकडे अधिक आहे.

पिकवण्याच्या बाबतीत या पट्ट्याने गेल्या तीन-चार दशकांत जे केले ते थक्क करणारे आहे. ठिबक आले, ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपे आली, विद्राव्य खतांचे वेळापत्रक शेतकऱ्याला तोंडपाठ झाले. मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन, वादळी वारे आणि सीएमव्ही रोग यांना तोंड देत बागा उभ्या राहिल्या. विक्रीत असा बदल झाला नाही. केळीच्या नवती, पिलबाग आणि वापसी या वर्गांचे भाव रोज जाहीर होतात, बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे सगळ्यांचे कान असतात, आणि कापणीच्या दिवशी बांधावर हातात पडणारा भाव अनेकदा जाहीर भावाच्या खालीच राहतो. जगात सर्वाधिक केळी भारतात पिकते, तरी जागतिक निर्यातीतला आपला वाटा अगदी नगण्य आहे. राज्यातच पाहिले तर उजनीच्या पाण्यावर आपल्यानंतर केळीकडे वळलेल्या सोलापूर जिल्ह्याने निर्यातीत मोठी मजल मारली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जून महिन्यात रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. २२ टन म्हणजे साधारण एक शीत कंटेनर. एका कंटेनरची बातमी व्हावी, यातच राहिलेल्या कामाचा आकार कळतो.

मानांकन स्वतः काही विकत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्याची नोंद करून घ्यावी लागते, फण्या ठरलेल्या प्रतीच्या आहेत याची खात्री द्यावी लागते, खोक्यावरचे चिन्ह पाहून दुकानदाराने दोन रुपये जास्त का द्यावेत हे त्याला पटवावे लागते. यातले प्रत्येक काम हा एक स्वतंत्र पेशा आहे. दिल्लीच्या आझादपूर मंडीत कोणत्या आठवड्यात कुठल्या राज्याचा माल उतरणार याचा अंदाज बांधणे हे बाजार संशोधन. अपेडा या निर्यात विकास संस्थेची नोंदणी, रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र, कंटेनरमधले १३-१४ अंश तापमान आणि परदेशी खरेदीदाराशी होणारा पत्रव्यवहार सांभाळणे हे निर्यात व्यवस्थापन. खोक्याची रचना, पिकवणगृहाची साखळी, सावदा-फैजपूरकडच्या केळी वेफर्सना स्वतःचे नाव आणि लेबल मिळवून देणे, सुपरमार्केटच्या खरेदी अधिकाऱ्याशी वर्षभराचा करार करणे, ही कामेही त्याच शास्त्रात येतात. अमेरिकेतल्या चिकिटा या केळी ब्रँडने १९४४ मध्ये रेडिओवर एक जाहिरातगीत आणले. केळी केव्हा खायला तयार होते आणि ती फ्रिजमध्ये का ठेवू नये, हे त्या गीताने गृहिणींना शिकवले. पुढे १९६० च्या दशकात केळीवर चिकटणारे छोटे निळे लेबल आले आणि एका फळाला नाव मिळाले. आपल्याकडेही याची परंपरा आहे. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असताना किर्लोस्करांना लोखंडी नांगर विकायचा होता. १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ आधी कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारी पत्रिका होती, नंतर तिचे मराठीतले मोठे मासिक झाले. ग्राहकाला आधी शहाणे करायचे आणि मग माल विकायचा, ही रीत मराठी उद्योगाने शंभर वर्षांपूर्वी वापरली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळे व्यापारी पिढ्यानपिढ्या करतच आहेत. ते खरे आहे, आणि व्यापाऱ्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. उधारी, वाहतूक, वाटेत होणारी नासाडी हे सारे तो अंगावर घेतो. पण त्याची कमाई खरेदी आणि विक्रीच्या भावांतल्या फरकावर असते, ‘जळगाव’ या नावाची किंमत वाढवण्यावर नसते. ते काम करणारा माणूस शेतकऱ्यांच्या बाजूचाच असावा लागतो. दुसरा आक्षेप, की आता सगळे मोबाइलवर होते, डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला की झाले. वेफर्सच्या पाकिटासाठी चांगला व्हिडिओ नक्कीच कामाचा आहे. ट्रकभर कच्ची केळी मात्र व्हिडिओ पाहून कोणी घेत नाही. खरेदीदार विचारतो तो फणीचा आकार, सालीवरचे डाग आणि माल ठरल्या दिवशी पोचेल का हे. घड पाहून कापणीला किती दिवस आहेत हे सांगणारी मुलगी या प्रश्नांना जे उत्तर देईल, ते केवळ कोर्स केलेल्याला देता येणार नाही. माध्यम शिकायला काही महिने पुरतात, माल कळायला वर्षे जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप पगाराचा आहे. रावेरमध्ये ही नोकरी देणार कोण? आज मोठ्या कंपन्यांच्या विक्री विभागाइतका पगार इथे मिळत नाही, हे मान्य करावे लागेल. म्हणून काही वर्षे बाहेर काढून परत येणे हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. त्यासाठी आणंदची इर्मा, जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था, हैदराबादची मॅनेज, पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आहे, आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तर घरचेच. परतल्यावर जागा कुठे, याचे एक उत्तर शेतकरी उत्पादक कंपन्यांत आहे. केंद्राच्या २०२० च्या योजनेत अशा कंपनीला पहिली तीन वर्षे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी मदत मिळते. चौथ्या वर्षापासून तो पगार कंपनीच्या विक्रीतूनच निघायला हवा. नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स द्राक्षातून सुरू होऊन मोठी झाली, कारण तिथे व्यावसायिक माणसांवरचा खर्च हा बियाण्या-खतासारखाच गुंतवणुकीचा धरला गेला. आपल्याकडे कंपनीचे संचालक गोदामाला आणि ट्रॅक्टरला लगेच मंजुरी देतात, विक्री सांभाळणाऱ्याच्या पगाराला मात्र कचरतात. हा हिशेब बदलल्याशिवाय शिकलेली मुले परतणार नाहीत. आणि तो बदलायला संचालकांना आधी एक आकडा दिसावा लागतो: एका माणसामुळे किलोमागे किती पैसे जास्त मिळाले. सुरुवात म्हणून विद्यापीठाच्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी प्रकल्पासाठी शहरातल्या शोरूमऐवजी सावदा-निंभोऱ्याच्या रेल्वे रॅकसोबत दिल्लीपर्यंत जावे आणि किलोमागचा भाव टप्प्याटप्प्याने लिहून आणावा. तो आकडा मग कंपन्यांच्या वार्षिक सभेत मांडता येईल.