मेंदूतील धमनीविस्फार आणि कोलॅजेनची जनुके

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



घरातील कोणी मेंदूतील रक्तस्रावाने अचानक गेले, की शोकाचे दिवस सरताच एक प्रश्न घरात घर करून बसतो : हे आमच्या रक्तातच आहे काय? मुलांच्याही वाट्यास येईल काय? शास्त्रास आज जे ज्ञात आहे, ते मी आपणांपुढे ठेवतो.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने १६६४ साली त्याचे वर्णन केले. या कड्यात जेथे धमनीस फाटा फुटतो, तेथे रक्ताचा मारा अधिक. तेथील भिंत दुबळी पडली, तर तिला फुगा येतो. यासच धमनीविस्फार किंवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. शंभर प्रौढांपैकी सुमारे तिघांना तो असतो. बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. फुटला, तर मात्र जिवावर बेतते.

धमनीच्या भिंतीस बळ देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. कोकणात काथ्याचा दोर वळताना आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. कोलॅजेनही तीन पेडांचा दोरच आहे. पेडातील दर तिसरा मणी ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा असतो, म्हणूनच पेड घट्ट बसतात. त्या जागी मोठा मणी आला, की दोर सैल पडतो.

धमनीतील तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा आराखडा सीओएल३ए१ या जनुकात असतो. त्याची एक प्रत पित्याकडून मिळते, एक मातेकडून. समजा, एकीत असा दोष आला. मग निम्मे पेड सदोष निपजतात. आणि दोरास तर तीन पेड लागतात. तिन्ही निर्दोष असण्याची शक्यता आठांत एक! एक प्रत उत्तम असूनही रोग का होतो, ते यावरून कळते. या दुर्मिळ एहलर्स-डॅनलॉस विकारात मेंदूच्याच नव्हे, अन्य धमन्याही फाटू शकतात. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दुसरे जनुक सीओएल४ए१. त्यातील दोषामुळे काही कुटुंबांत मूत्रपिंडाचा विकार, स्नायूंतील पेटके आणि मेंदूतील धमनीविस्फार एकत्र आढळतात, हे २००७ साली प्रसिद्ध झाले.

परंतु एवढ्यावरून भिऊ नये. धमनीविस्फाराच्या बहुसंख्य रुग्णांत असा एकच मोठा दोष नसतो. अनेक जनुकांचा अल्प अल्प वाटा असतो, आणि त्यास जोड मिळते धूम्रपानाची व वाढलेल्या रक्तदाबाची. जनुके बदलता येत नाहीत. विडी-सिगारेट सोडता येते, रक्तदाब आवरता येतो.

मग तपासणी कोणी करावी? आईवडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना हा विकार झाला असेल, त्यांनी कुपात खोलीममधील डॉक्टरांशी एमआरआयविषयी अवश्य बोलावे. सरसकट तपासणीने मात्र निरुपद्रवी फुगाही सापडतो आणि चिंता जन्मभर पाठीस लागते. कोलॅजेनचा विकार ठरला असल्यास कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी तो सांगावा, कारण अशा धमन्या उपचार करतानाही फाटतात.

आणि क्षणार्धात उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी कोणासही झाली, तर गोळी घेऊन निजू नये. तत्काळ १०१ क्रमांकावर फोन करावा.

आपल्या घराण्यात कोण कशाने गेले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मुलांसाठी तो टिपणाचा कागद फार मोलाचा ठरेल.