काट्यावर मासे मोजताना पोराकडंही बघा



आज मत्स्यबीज, लायसन किंवा दराची बातमी नाही. आज आपल्या पोरांबद्दल लिहितोय. शाळा सोडून होडीवर आलेली, कॉलेज अर्धवट टाकलेली, गोव्याला कामाला जाऊन परत आलेली पोरं आणि पोरी.

शाळेत जाणारं पोर चार दिवस आलं नाही तर मास्तर विचारतात. शाळा सुटली की ती हजेरी संपते. मग त्याला रोज बघतं कोण? काट्यावर मासे मोजून घेणारा आपला माणूस, बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर, आशाताई, अंगणवाडीताई. म्हणून मन कसं ओळखायचं याचं शिक्षण डॉक्टरइतकंच या माणसांनाही मिळायला पाहिजे.

माझीच चूक सांगतो. एक पोरगा रोज हसत यायचा, तो गप्प राहायला लागला. मी म्हटलं, "अरे, तुझ्या वयात आम्ही दोन-दोन जाळी ओढायचो, तुला काय झालंय?" त्यानं मान हलवली आणि गेला. पुढे दोन महिने काट्यावर आलाच नाही. आज तो बरा आहे. पण त्या दिवशी त्याला भाषण नको होतं, ऐकणारा माणूस हवा होता.

हे शिकवता येतं, आणि आपल्याच राज्यात शिकवलं गेलंय. १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्सनं बळ्ळारी जिल्ह्यात साध्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे निम्हान्स आणि राज्याच्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्यानं 'युवा स्पंदन' आणलं. १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी. त्यात गावागावांतल्या तरुणांनाच शिकवून 'युवा परिवर्तक' केलं. शिक्षण, नाती, तब्येत, व्यसन, कसल्याही अडचणीवर पोरांशी बोलायचं आणि गरज पडली तर पुढे पाठवायचं, हे त्यांचं काम.

अशा ट्रेनिंगमधल्या मुख्य गोष्टी साध्या आहेत:

१. बदल बघा. झोप उडाली, जेवण तुटलं, दोस्त सोडले, दारू वाढली, जीव लावलेल्या वस्तू वाटून टाकल्या, "माझ्याशिवाय बरं होईल" असं बोलला, तर ते नाटक समजू नका.

२. आधी ऐका. उपदेश नको, दुसऱ्याशी तुलना नको.

३. शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का रे?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

४. "येतो" म्हणाला तर एकटं सोडू नका. धोक्याच्या वस्तू दूर ठेवा, विश्वासाच्या माणसाला बोलवा. जिवाचा प्रश्न असेल तर "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका.

५. पुढे पाठवा. बरं करणं डॉक्टरचं काम. आपलं काम दारापर्यंत सोबत जाण्याचं.

दार कुठं? टेली-मानसचा नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही फुकट सेवा रात्रंदिवस चालू असते. कन्नड किंवा मराठी, भाषा आपण निवडायची. मन मोकळं करायला आपली भाषा लागतेच. राज्याच्या मनोचैतन्य योजनेत तालुका दवाखान्यात मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ बसवायची सोय आहे. जायच्या आधी कुठल्या मंगळवारी ते विचारून घ्या. आणि केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानलंय, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

आपल्या सोसायटीपुरतं माझं म्हणणं एवढंच. काट्यावरचा एक माणूस आणि महिलांपैकी एक जण, अशा दोघांना हे ट्रेनिंग मिळावं म्हणून तालुका आरोग्य कार्यालयाला पत्र देऊया. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घेतोय. बोटमालकांनी जरूर या.

वादळात होडी दिसली नाही तर आपण सगळे काठावर धावतो. घरातलं पोर गप्प झालं तरी तसंच धावूया.

१४४१६ हा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा, आणि ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांना कागदावर लिहून द्या.

— आपला सेक्रेटरी