सभागृह हवेच, पण किंमत सांगून विचारले का?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात मैदानात चिखलाशिवाय काही नसते. मुलांचा कबड्डीचा सराव बंद पडतो, ज्येष्ठांचे फिरणे थांबते, बचत गटाची बैठक कुणाच्या तरी पडवीत उरकावी लागते. त्यातच शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते भरतात. म्हणून लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव किंवा तळेगाव, कुठेही छताखालच्या सार्वजनिक जागेची मागणी निघाली, तर ती चैन आहे असे मला वाटत नाही. खेळ, वाचन, बैठक, तालीम यांसाठी बारा महिने उघडी असलेली जागा ही मावळ तालुक्याची खरी गरज आहे.

अडते ते पैशापाशी. नेमक्या त्याच ठिकाणी लोकांचे मत घ्यायचे राहून जाते, किंवा अर्धवट घेतले जाते. वर्षानुवर्षे घट्ट बसलेले काही समज त्याला कारणीभूत आहेत.

‘ग्रामसभेत ठराव झाला, म्हणजे गावाचा पाठिंबा आहे’

ठराव झाला म्हणजे कायद्याची एक पायरी पूर्ण झाली, एवढेच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास त्या होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असले की पुरते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर जण आले की सभा वैध ठरते. तीन हजारांत शंभर म्हणजे साडेतीन टक्केही नाहीत. आणि तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते. त्या तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नसते.

ही तरतूद वाईट आहे असे मी म्हणत नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत सगळे गाव चावडीवर येऊन बसू शकत नाही, आणि कामे तर अडता कामा नयेत. पण दोन कोटींच्या इमारतीला ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या ‘सर्व’मध्ये किती जण होते हे हजेरीपत्रक उघडून पाहायला हवे. कोण नव्हते, हे तर त्याहून आधी पाहायला हवे. चाकणला किंवा तळेगावच्या एमआयडीसीत पाळीवर गेलेले तरुण नव्हते. गावाबाहेरच्या पाड्यावरची ठाकर आणि कातकरी कुटुंबे बहुधा नव्हती. बायका किती होत्या? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ती कागदावरच होते, आणि केंद्राच्या वेळा काय असाव्यात, स्वच्छतागृह कुठे असावे, संध्याकाळी तिथे दिवे कसे असावेत, हे प्रश्न इमारत उभी राहिल्यावर निघतात.

शहरात परिस्थिती वेगळी आहे. सोपी मात्र नाही. नगरपरिषदेत ग्रामसभेसारखी सभा नाही. क्षेत्रसभेची तरतूद राज्याने 2009 मध्ये कायद्यात केली, पण ती बहुतेक शहरांत रुजलीच नाही. लोणावळ्यात तर नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर लोकनियुक्त सभागृह परत आले आहे, तेव्हा प्रभागात जाऊन विचारण्याची जबाबदारी आता कुणाची, याबद्दल शंका राहिलेली नाही.

‘निधी आमदार-खासदारांचा, आपल्या खिशातून काही जात नाही’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी आणि महाराष्ट्रात आमदाराला 5 कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. ‘2515’ या लेखाशीर्षातून गावोगावी सभामंडप आणि समाजमंदिरे उभी राहिली, हे मावळातल्या कोणत्याही सरपंचाला तोंडपाठ असते. तालुका क्रीडा संकुलासाठीच्या राज्य अनुदानाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटींवर नेण्यात आली. हा सगळा तुमच्या-आमच्या करांतून जमलेला पैसा आहे, ही गोष्ट तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा पैसा इमारतीपुरता असतो. खासदार निधीच्या कामात तर पुढची देखभाल कोण करणार, याची हमी संबंधित संस्थेकडून आधीच घ्यावी लागते. झाडलोट, वीजबिल, रखवालदार, पावसाळ्यापूर्वीची छताची डागडुजी हा खर्च ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या गळ्यात येतो आणि कायमचा येतो.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, इमारतीला 2 कोटी लागले आणि वर्षाला देखभालीला 8 लाख. पंचवीस वर्षांत देखभालीचेच 2 कोटी होतात. महागाई धरली तर कितीतरी अधिक. म्हणजे लोकांना ‘2 कोटींचे केंद्र हवे का?’ असे विचारले, तर आपण त्यांना निम्म्याहून कमी किंमत सांगितलेली असते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसात तर गळती, ओल आणि गंजलेले पत्रे यांचा खर्च सपाटीवरच्या गावापेक्षा जास्त धरायला हवा.

हा हिशेब आधी झाला नाही की काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. समाजमंदिराला कुलूप असते. किल्ली एका माणसाकडे असते. लग्नसराईत ते उघडते, निवडणुकीला मतदान केंद्र म्हणून उघडते, एरवी बंद. लोकांना ते नको होते असे नाही. ते चालवायचे कुणी आणि कशातून, हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

वित्त आयोगाचा निधी वापरू, असेही सुचवले जाते. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींना मिळालेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या 40 टक्के अबंधित रकमेतून गावाच्या इतर सगळ्या गरजा भागवायच्या होत्या. सभागृहाला पैसे दिले की रस्त्याचे किंवा शाळेच्या दुरुस्तीचे कमी होणार, हेही लोकांपुढे मोकळेपणाने मांडायला हवे.

‘केंद्र झाले की घरपट्टी दुप्पट होईल’

ही भीती विरोधकांकडून पसरते, आणि तीही तितकीच निराधार असते. वरचेच आकडे घ्या. समजा 10 हजार मिळकती आहेत. 8 लाखांची देखभाल म्हणजे मिळकतीमागे वर्षाला 80 रुपये. इमारतीचा एक रुपयाही अनुदानातून आला नाही असे धरले आणि 2 कोटी दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तरी व्याज सोडून आणखी 200 रुपये. आपल्या गावाचे खरे आकडे वेगळे असतील. पण ते आकडे काढता येतात, आणि काढले की ‘दुप्पट’ हा शब्द बहुधा गळून पडतो.

‘दोन हजार सह्या आल्यात, आणखी काय पुरावा हवा?’

सह्यांची मोहीम मागणीचा जोर दाखवते, आणि तिला तेवढा मान द्यायलाच हवा. पण सह्या कोण गोळा करतो? ज्याला केंद्र हवे आहे तो. कुणाकडे जातो? जो नाही म्हणणार नाही त्याच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मतचाचणीचेही तेच. गटात नसलेला माणूस त्यात मोजलाच जात नाही.

संख्या मोठी म्हणजे अंदाज बरोबर, हा भ्रम 1936 मध्ये अमेरिकेत फार गाजावाजा होऊन फुटला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 23 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे जाहीर केले. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. साप्ताहिकाच्या याद्या दूरध्वनी आणि मोटार असलेल्यांच्या होत्या. मंदीत होरपळलेला मतदार त्यांत नव्हता.

उलट, यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी, कुणाचीही आवडनिवड न लावता 400 माणसे निवडली, तर उत्तर साधारण पाच टक्के इकडेतिकडे एवढे नेमके मिळते. 2011 च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या 57,698 होती. एवढ्या गावाला 400 जण पुरतात. कॉलेजातली वीस मुले-मुली दोन आठवड्यांत हे काम करू शकतात.

मात्र यादी कोणती घ्यायची, हा इथला खास प्रश्न आहे. लोणावळ्यात बंगला असलेले अनेक जण मुंबई-पुण्यात राहतात. ते घरपट्टी भरतात, पण त्यांचे मत इथे नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा चिक्कीच्या दुकानातला कामगार इथेच राहतो, पण घरपट्टीच्या यादीत त्याचे नाव नाही. वरसोली आणि कुसगावची मुले लोणावळ्यातच खेळायला येतील, पण त्यांची ग्रामपंचायत वेगळी. मिळकतधारकांची यादी आणि मतदारयादी अशा दोन्ही याद्यांतून माणसे घ्यावीत, शेजारच्या गावांत वेगळे विचारावे आणि तिन्हींची उत्तरे एकत्र न कालवता वेगवेगळी जाहीर करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नही नीट हवा. ‘मुलांच्या भविष्यासाठी सुसज्ज केंद्र हवे का?’ याला नाही कोण म्हणेल? ‘वर्षाला 80 रुपये जास्त द्यावे लागले तर हवे का? 280 लागले तर? आणि त्याच पैशात आधी नाला व्हावा की केंद्र?’ असे विचारले की खरे मत बाहेर येते.

‘परदेशात यावर मतदान घेतात, इथेही घ्या’

अमेरिकेतल्या अनेक शहरांत बाग किंवा क्रीडाकेंद्रासाठी कर्जरोखे काढायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात असे बरेचसे प्रस्ताव दोन तृतीयांश मतांशिवाय मंजूर होत नाहीत. आपल्याकडे स्थानिक खर्चासाठी असा कौल घेण्याची तरतूद नाही. थेट मतदान आपल्याला माहीत आहे ते दारूबंदीचे. गावातल्या किंवा प्रभागातल्या एक चतुर्थांश महिलांनी मागणी केली की मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. इमारतीसाठी तसे करता येणार नाही. पण पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. ती पद्धत नगरपरिषदेने स्वीकारायला कुणाचीच हरकत असू नये.

‘वर्गणी काढा, म्हणजे कळेल कोण किती पाण्यात आहे’

यात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला मावळातच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून ‘पैसा फंड’ उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर घडवू लागले. या फंडाची खरी ताकद रकमेत नव्हती, देणाऱ्यांच्या संख्येत होती. एक पैसा सगळ्यांना परवडत होता, म्हणून पाठिंबाही सगळ्यांचा मोजला गेला.

आजची वर्गणी नेमकी उलट चालते. दोन बिल्डर आणि चार हॉटेलमालक मोठी रक्कम देतात, कोनशिलेवर त्यांची नावे लागतात आणि ‘गावाने पैसे दिले’ असे म्हटले जाते. पाणी योजनांत 10 टक्के लोकवर्गणीची अट असते, तिथेही पुष्कळदा कुणीतरी एकरकमी भरून मोकळा होतो. वर्गणी घ्यायचीच तर पैसा फंडासारखी घ्यावी: रक्कम लहान, मोजणी घरांची. आणि ज्या पाड्यावर तेवढेही देणे जड आहे, तिथल्या माणसाचे मत पावतीशिवाय धरावे.

‘आपण बोलून काय होणार? सगळे वरूनच ठरते’

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) प्रारूप विकास आराखड्यात मावळही होता. 2021 मध्ये तो जाहीर झाल्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना दाखल झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला. लिहून दिलेल्या हरकतीला वजन असते. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानावरचे आरक्षण बदलून तिथे इमारत बांधायची असेल, तर त्यासाठीही नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. गायरानावर बांधायचे म्हटले तर 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अटी फार कडक झाल्या आहेत. जागा कुठली, हा प्रश्न पैशाइतकाच आधी विचारायला हवा.

तुमच्या गावात किंवा प्रभागात नव्या केंद्राचा विषय निघाला, तर ठरावाला हात वर करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: बांधकामाचे अंदाजपत्रक, देखभालीचा वार्षिक खर्च आणि तो कोण देणार हे, आणि जागेचा सातबारा किंवा आराखड्यातले आरक्षण. तो कागद घेऊन पाड्यावर जा, पाळीवरून परतलेल्यांना भेटा, महिला सभेत वाचा. तिथे होकार मिळाला तर नि:शंक पाठिंबा द्या, आणि पुढच्या ग्रामसभेला स्वतः हजर राहा.