विंडोज ११ टाकण्याआधी कॉम्प्युटरची पूर्ण प्रत काढा


आजचा मेसेज भात-नागलीचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. जे गटाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात, गावात सेवा केंद्र चालवतात, त्यांनी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी घरातल्या शिकणाऱ्या पोरापोरींना दाखवा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. म्हणून स्क्रीनवर सारखं 'विंडोज ११ घ्या' येतं. घ्यायला हरकत नाही. पण मध्येच लाइट गेली, किंवा नवीन सिस्टीम मशीनला मानवली नाही, तर कॉम्प्युटर चालूच होत नाही. मग सावळघाट चढून नाशिक गाठा, आणि तिथं डिस्क कोरी करून मिळाली तर वर्षभराच्या पावत्या गेल्या.

'फाइली पेनड्राइव्हवर घेतल्यात की!' असं बरेच जण म्हणतात. फाइली वाचतील, पण हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं पुन्हा बसवावं लागेल. म्हणून पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायची. तिला सिस्टीम इमेज म्हणतात. आता बंद पडलेला कॉम्प्युटर ही इमेज उघडणार कसा? कोठीची किल्ली कोठीतच राहिली तर काय उपयोग? ती किल्ली म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह, ज्यावरून कॉम्प्युटर चालू होतो.

*किल्ली:* ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, सर्चमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

*प्रत:* बाहेरची हार्ड डिस्क जोडा. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)', त्यात 'क्रिएट अ सिस्टीम इमेज'. नावात ७ आहे म्हणून गोंधळू नका, १० वर चालतं. तयार झालेल्या फोल्डरचं नाव बदलू नका, नाहीतर इमेज सापडत नाही.

लॅपटॉपची बॅटरी फुल आणि चार्जर लावलेला हवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

मग किल्ली चालते का ते आधीच बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना एफ१२ (एचपीला एफ९) दाबत राहा, पेनड्राइव्ह निवडा. 'ट्रबलशूट' दिसलं की झालं, बंद करा. *तिथलं 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' दाबू नका, त्याने तुमच्या फाइली पुसल्या जातात.* खरंच गरज पडली तर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'सिस्टीम इमेज रिकव्हरी' वापरायचं.

डिस्कला बिटलॉकर असेल तर ४८ आकडी की मागेल. ती आधीच कागदावर लिहून ठेवा.

विंडोज ११ टाकल्यावर १० दिवसांत सेटिंगमधून मागे जाता येतं, पण त्याला कॉम्प्युटर चालू व्हावा लागतो.

हार्ड डिस्क काम झालं की काढून कोरड्या डब्यात ठेवा, आपल्याकडची पावसाळी ओल वाईट. कुठं अडलं तर स्क्रीनचा फोटो ऑफिसला पाठवा. बिटलॉकरच्या कीचा फोटो मात्र कुणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही.